खणातली रिकामी जागा

ताटं आणायला म्हणून गेले होते दोघं. दुसरं काही मनात नव्हतं... निदान मृणालिनीच्या मनात तरी नव्हतं.

दसऱ्याला आखातातल्या अल रीम बेटावरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ओळखीची मराठी मंडळी जेवायला यायची होती आणि घरात एकसारखी ताटं म्हणाल तर धड अर्धा डझनही नव्हती. रास अल खैमाला सिरॅमिकची ताटं बरी मिळतात, असं निनादला साइटवर कोणीतरी सांगितलेलं. तेव्हा शनिवारी सकाळी चहा पिऊन त्यांनी गाडी काढली. निनाद सिमेंटच्या कारखान्यांत कंट्रोल पॅनेल बसवायचा, त्यामुळे तो रस्ता त्याच्या पायाखालचा.

त्याला एक छंद होता. तळहातात मावतील अशी जुनी यंत्रं जमवायचा. चावीची घड्याळं, लायटर, घडीचा कॅमेरा, जहाजावरचं एक होकायंत्र. बेडरूममधल्या कपाटाचा सगळ्यात रुंद खण त्याने काळ्या फोमने भरला होता आणि प्रत्येक वस्तूच्या आकाराचा खळगा ब्लेडने असा नेमका कापला होता, की वस्तू आत बसली की हलायचं नाव नको. मृणालिनी म्हणायची, "बायकोला एवढी जागा दिली असतीस तर!"

ताटं घेऊन झाली. परतताना त्याने जुन्या बाजाराच्या मागच्या गल्लीत गाडी वळवली.

"दोनच मिनिटं गं. यल्ला, चल."

निनादची दोन मिनिटं किती लांब असतात, ते तिला लग्नाआधीपासून ठाऊक होतं.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत पितळ, धूप आणि यंत्राचं तेल असा एकत्र वास, घशात चिकटणारा. दौलत नावाचा म्हातारा स्टुलावर बसला होता. निनादला त्याने ओळखलं. मृणालिनीकडे मात्र तो जरा जास्तच वेळ बघत राहिला. लिफ्टची घंटा वाजली तरी दचकणारी बाई ती. तिने ओढणी सारखी केली आणि निनादच्या मागे सरकली.

"साब, आपकी चीज़," म्हणत दौलतने टेबलाचा खण ओढला. फलालीनच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं. आणि ते काढल्याबरोबर, दुसऱ्या हाताने, खणातल्या त्या मोकळ्या जागेत एक कॉफीचा पेला घाईघाईने कोंबला. जणू काही तिथून कोणी बाहेर येईल!

"असं का केलंत?" तिने न राहवून हिंदीत विचारलं.

"आदत है, मॅडम."

कापडात एक पिस्तूल होतं. इवलंसं. निनादच्या पंजात झाकून जाईल एवढं. मुठीवर शिंपल्याच्या पट्ट्या, आणि एक पट्टी कोणाच्या तरी अंगठ्याने झिजून गुळगुळीत झालेली. मृणालिनीने निनादचा चेहरा बघितला. साखरपुड्याला अंगठी बघतानासुद्धा तो असा दिसला नव्हता.

"पिन निकाली हुई है," दौलत म्हणाला. "मुर्दा है."

"मुर्दा घरात ठेवायचा का मग?" मृणालिनी मराठीत पुटपुटली. "अरे, डोकं ठिकाणावर आहे ना? इथे परवान्याशिवाय असलं काही सापडलं तर आधी जेल आणि मग डिपोर्ट. नोकरी खलास. पुण्याच्या फ्लॅटचे हप्ते कोण भरणार, तुझा हा मुर्दा?"

"अँटिक आहे गं..."

"पोलिसांना सांग हं तसं."

त्याने पिस्तूल परत दिलं. दिलं खरं, पण ज्या हाताने धरलं होतं तो हात त्याने गाडीत बसेपर्यंत उघडला नाही.

चार दिवसांनी तिने खण उघडला. फोममध्ये एक नवा खळगा होता. आखूड नळी, वाकडी मूठ, घोड्याची कमान, सगळं जसंच्या तसं.

"नुसतं कापलंय," निनाद म्हणाला. "घेणार नाहीये. शप्पथ. रिकामी जागा ठेवली तर काय गुन्हा आहे?"

नवमीला तिने हॉलमध्ये शस्त्रपूजेची मांडणी केली. लॅपटॉप, गाडीची किल्ली, निनादचे स्क्रूड्रायव्हर, सामानातून लपवून आणलेली तिची विळी. निनादने तो अख्खा खणच उचलून आणला आणि पाटावर ठेवला. त्या खळग्याकडे तो असा काही बघत होता, की तिला राग आला आणि दयाही आली.

"हे बघ," ती म्हणाली. "आपल्यात नसलेल्याच्या जागी सुपारी ठेवतात की नाही? घे. हेच तुझं पिस्तूल. पूजा कर आणि तो नाद सोड."

"सुपारी देतेस? कोणाची?" तो हसला.

तीही हसली. खळग्यात सुपारी ठेवली, तिला हळद-कुंकू वाहिलं. मोबाइलवरचे गुरुजी आवाहनाचा मंत्र म्हणत होते, येथे या, येथे बसा. तिने प्रत्येक वस्तूवर अक्षता टाकल्या. सुपारीवरही. तेवढ्यात समई फडफडली, पण एसीच्या झोतात समई फडफडतेच, त्याचं काय एवढं?

दसऱ्याला मंडळी जेवून गेली. मग एकेक वस्तू जागची हलवून तिने पूजेचं विसर्जन केलं. खण तोवर निनादने कपाटात परत लावून टाकला होता, आणि आता तो उघडेना. तिने दोन्ही हातांनी ओढला. आतून कोणी धरून ठेवावा तसा घट्ट. 'राहू दे, उद्या बघू,' म्हणून तिने सोडून दिलं. बोलावलेल्याला निरोप द्यायचा राहून गेला, हे तेव्हा तिच्या लक्षातही आलं नाही.

पुढच्या आठवड्यात खण आपोआप उघडा राहू लागला. सकाळी बंद करावा, दुपारी बघावं तर दोन बोटं पुढे आलेला. सुपारी नव्हती. खळग्याच्या तळाचा फोम दबला होता, वजनदार काही ठेवून उचललं की दबतो तसा. आणि वास... तोच. घशात चिकटणारा.

घेतलं. ह्याने घेतलं! शप्पथ घेऊनसुद्धा घेतलं.

 निनाद ऑफिसला गेला की ती बॅगा उपसायची, त्याच्या बुटांत हात घालून बघायची, वॉशिंग मशीनच्या मागे टॉर्च मारायची. तो आंघोळीला गेला की त्याचे शर्ट हुंगायची. काही सापडत नव्हतं, आणि तो तर दिवसेंदिवस खुशीत. एकदा येताना मोगऱ्याचा गजरा घेऊन आला, तिच्या केसांत माळला आणि डोळा मारून म्हणाला, "थँक्यू हं."

"कशाबद्दल?"

"बरं बरं. तू सांगशील तेव्हाच!"



शनिवारी दुपारी वाळूचं वादळ आलं. समोरचे टॉवर दिसेनासे झाले. भर दुपारी खोलीत पिवळा काळोख साचला, आणि खिडकीच्या फटीतून वारा बारीक आवाजात रडू लागला. निनाद सोफ्यावर झोपला होता. त्याचा उजवा हात छातीवर होता आणि बोटं कशाभोवती तरी वळलेली. तिच्याच्याने राहवलं नाही.

"निनाद... ऊठ. कुठे ठेवलंयस ते?"

"काय?"

"माझ्याशी खोटं बोलू नकोस. पिस्तूल."

तो उठून बसला. आधी हसला. मग तिचा चेहरा बघून हसू विरलं.

"मी ठेवलंय? मृणू... मला वाटलं, वाढदिवसाला तू मला देणार आहेस."

"मी?"

"दसऱ्यानंतर साइटवर गेलो होतो ना, तेव्हा दौलतकडे डोकावलो. नुसतं बघायला, देवाशप्पथ. तो म्हणाला, मॅडम घेऊन गेल्या."

"कोण मॅडम?"

"तूच. त्या दिवशी माझ्याबरोबर होतीस तीच. एकटी आलीस म्हणे. काही बोलली नाहीस. पिस्तूल उचललंस, आणि त्याच्या जागी खणात..." निनादने ऑफिसच्या बॅगेचा कप्पा उघडला. "हे ठेवलंस. त्याने मला दिलं. म्हटलं, हिची गंमत..."

त्याच्या तळहातावर सुपारी होती. हळद वाळलेली, कुंकवाचं बोट अजून लाल. ते बोट तिचंच होतं.

"मी घराबाहेर पडले नाही, निनाद," ती म्हणाली. "मला तर गाडीसुद्धा चालवता येत नाही..."

त्याने दौलतला फोन लावला, स्पीकरवर. बराच वेळ वाजल्यावर म्हाताऱ्याने उचलला.

"दौलतभाई, तुम्हाला नक्की आठवतंय? माझी बायकोच होती?"

"साब, मैं तो शुरू से पहचानता हूँ मॅडम को." पलीकडे वारा घोंघावत होता. "आपके साथ आने से पहले भी... कई बार आ के देख जाती थीं. मैं समझा, आपने ही भेजा है."

मृणालिनीने हात पुढे करून फोन बंद केला. निनाद तिच्याकडे असा बघत होता, जसं गेले काही दिवस ती त्याच्याकडे बघत होती.

संध्याकाळी वादळ ओसरलं. त्यांनी फोमचे तुकडे करून कचऱ्याच्या शूटमध्ये टाकले आणि सुपारी खारफुटीपाशी पाण्यात सोडली. दिवाळीला पुण्याला जायचं होतंच, तिकिटं अलीकडची करून घेतली. "थोडे दिवस आईकडे राहू," निनाद म्हणाला. पण त्या दिवसापासून तो तिच्याकडे पाठ करून झोपेना.

विमानतळावर सकाळची गर्दी होती. सुरक्षा तपासणीत निनाद पुरुषांच्या रांगेतून आधी पार झाला. मृणालिनीची पर्स यंत्रात गेली आणि पट्टा थांबला.

पडद्यासमोरच्या अधिकारी बाईने दुसरीला हाक मारली. त्या दुसरीच्या छातीवर नबिला असं नाव होतं. दोघी वाकून बघू लागल्या. मृणालिनीलाही पडदा दिसला. फणी, घराच्या किल्ल्या, डबीतलं कुंकू... आणि त्यांच्या मधोमध, आखूड नळी, वाकडी मूठ.

"मॅडम, ही पर्स तुमची?"

तिने मान हलवली. खलास, आता सगळंच खलास. नोकरी, घर, निनाद...

नबिलाने पर्स ट्रेमध्ये ओतली. फणी. किल्ल्या. डबी. अस्तर उलटं केलं, शिवणी चाचपल्या. काही नाही. पर्स पुन्हा यंत्रात घातली. आता पडद्यावरही काही नव्हतं. नबिला बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिली, मग मृणालिनीकडे.

"मी पाहिलं होतं," ती इंग्रजीत हळूच म्हणाली. "...जा तुम्ही. जा."

मृणालिनीने पर्स उचलली. इतकी हलकी, की हात आपसूक वर गेला. तेव्हा तिला कळलं, आतापर्यंत पर्स किती जड होती. जे यायचं होतं, ते तपासणीच्या पलीकडे आलं होतं.

गेटपाशी निनाद बाकावर बसला होता, तिच्याकडे पाठ करून. ती त्याच्या दिशेने निघाली.

त्याच्या समोरच्या रांगेत एक बाई उभी होती आणि तिच्या खांद्यावर दीड-दोन वर्षांचं पोर. ते निनादच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेकडे टक लावून बघत होतं. तिथे कोणीच नव्हतं. पोराने मान वळवून मृणालिनीकडे पाहिलं. पुन्हा त्या जागेकडे. पुन्हा तिच्याकडे... एकसारख्या दोघी दिसल्या की लहान मूल गोंधळतं, तसं.

मग त्या मोकळ्या जागेकडे बघत, अगदी सावकाश, कोणी काही रोखून धरल्यावर करावेत तसे, त्याने आपले दोन्ही चिमुकले हात वर केले.