शिरगणतीत नसलेले आबा

"अगं, आबा यात नाहीतच!" हेमांगीचा भाऊ कुंदन कुजबुजला.

साक्रीच्या कचेरीत एकावन्न सालच्या शिरगणतीची गावयादी उघडी होती. घर सतरा. हेमांगीने पुन्हा बोट फिरवलं. पणजोबा, पणजी, आबांची थोरली बहीण... बस! आबा तेव्हा तीन वर्षांचे. मग होते कुठे?

"नाव नाही, तर जुन्या रहिवासाचा दाखला नाही," कारकून तोतारामभाऊ चहा फुंकत म्हणाले. दाखल्याशिवाय हेमांगीला जळगावच्या वसतिगृहात जागा नव्हती, आणि उद्या शेवटचा दिवस!

बाकावर आबा डोळे मिटून बसले होते. क्षणभर तिला वाटलं, त्यांना हात लावला तर हाताला काही लागणारच नाही!

"भाऊंनी एकच घर बघितलं. पान उलट!" कुंदन म्हणाला.

घर अठरा. झुलाल, बायको, मुलगी प्रमिला. आणि खाली: 'सुकदेव, वय तीन. नातं: सुपातला.'

हेमांगीच्या अंगावर काटा आला. आबांचंच नाव!

"झुलालला पोरगा नव्हताच," आबा पुटपुटले. "एकटी प्रमिलाअक्का."

"मग हा कोण? आणि... आपले आबा कोण?" हेमांगीने विचारलं.

भर दुपारी तिघं गावी पोहोचले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. शेवटच्या, प्रमिलाअक्काच्या घराचं दार नुसतं लोटलेलं. आतल्या काळोखातून क्षीण आवाज आला, "ये सुकदेव. गिनतीवाला उना का?"

कुंदनने हेमांगीचा हात घट्ट धरला! आता कुठला गिनतीवाला येणार?

"अक्का, यादीतला सुकदेव कोण?" आबांनी विचारलं.

"तूच शे, भाऊ!" सत्त्याऐंशी वर्षांची प्रमिलाअक्का हसली. "तुना आधीना तीन भाऊ गयात. मरणनी नजर चुकाडाले तुनी मायनी तुले सुपात घालीसन मना मायले दिधा. पाच वरीसना होस तोपावत 'मना' म्हनानं नई!"

गिनतीवाल्याने विचारलं, तेव्हाही आबांची आई म्हणाली होती, "हा माझा नाही." म्हणून आबा शेजारच्या घरात मोजले गेले!

दुसऱ्या दिवशी अक्काने कचेरीत येऊन साक्षीचा अंगठा दिला. तोतारामभाऊ ओशाळले. "पुढचं घर मीच बघायला हवं होतं. शाबास रे पोरांनो!" दाखल्याचा अर्ज मंजूर झाला. हेमांगीने मनोमन देवाला हात जोडले.

पायऱ्या उतरताना आबा थबकले. "अक्का, 'माझा नाही' म्हणताना मायला काहीच वाटलं नसेल?"

"दाराआड जाईसन तिनी सोताना हात चावा. दात उमटेल मी दखात."

"कोणता हात?"

"डावा."

आबांनी आपला डावा हात दोन्ही पोरांच्या डोक्यांवरून फिरवला.