पाणपोईपासून घरापर्यंत

अक्षांशाच्या आकड्यातला अगदी शेवटचा अंक म्हणजे मिनिटाचा दहावा भाग. जमिनीवर उतरवला तर तो साधारण एकशे पंच्याऐंशी मीटर भरतो. पालघरजवळच्या माहीम गावातल्या आमच्या घराच्या ओटीपासून बंदराच्या रस्त्यावरच्या पाणपोईपर्यंत तेवढंच अंतर आहे. याहून बारीक काही त्या यंत्राला दाखवता येत नसे. त्याचे अंक सात छोट्या रेघांचे होते. सहाचा पाच व्हायचा असला की डावीकडची खालची एक रेघ आधी मंद होई, क्षणभर तशीच राही आणि मग विझे. मी तो बदल बऱ्याच वेळा पाहिला आहे. घाईने तो कधीच झाला नाही.

यंत्र माझ्या धाकट्या भावाचं, दिगंबरचं. तो सांताक्रूझला विमानदुरुस्तीच्या कामावर होता. जुनी प्रवासी विमानं मोडीत निघाली तेव्हा त्याने त्यांतलं एक दिशादर्शक पॅनेल कुर्ल्याच्या भंगारबाजारातून विकत आणलं आणि घरच्या कॉम्प्युटरला जोडलं. कॉम्प्युटरवर विमान उडवण्याचा खेळ होता. पडद्यावर विमान उडायचं आणि त्याला वाट दाखवायचं काम हे खरं पॅनेल करायचं. जोडणीचा प्रोग्रॅम त्याने स्वतः लिहिला होता.

"हे यंत्र बाहेर काही बघत नाही, ताई," तो मला समजावायचा. मी पालघरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे, तरी समजावायचा. "तारे नाहीत, रेडिओ नाही. सुरू करताना आपण सांगायचं, तू इथे आहेस. पुढे बसलेला प्रत्येक धक्का ते मनाशी मिळवत जातं. याला फक्त सुरुवात सांगायची आणि शेवट सांगायचा. मधलं ते बघून घेतं."

"आणि वीज गेली तर?"

"तर सगळं विसरतं. पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. खऱ्या विमानात त्यासाठी बॅटरी असते. मला बॅटरी मिळाली नाही."

हे सांगताना तो ओटीवरच्या झोपाळ्यावर बसलेला असे. अगदी डाव्या कडेला. मग उजवी कड दोन बोटं वर उचलली जायची आणि आई आतून ओरडायची, "मधे बस रे, साखळी तुटेल!"

एकोणनव्वदच्या ऑक्टोबरात तो मित्राबरोबर होडीतून समुद्रात गेला. होडी चिंचणीसमोर पालथी सापडली. मित्र चिंचणीच्या किनाऱ्याला लागला. दिगंबर लागला नाही.

सहा वर्षं त्याची बायको विजया आणि मी त्या घरात राहत होतो. आई मधल्या काळात गेली. देह नसला तर दर्भाचा पुतळा करून दहन करतात. भटजींनी दोनदा विचारलं. विजया दोन्ही वेळा म्हणाली, "बघू." ती बोईसरला एका कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होती. त्याच कारखान्यातले खंडेराव, साताऱ्याकडचे, विधुर, उपकरणांचे फिटर, यांनी तिला मागणी घातली. सरळ माणूस. मला ते पसंत होते. पण पुतळ्याचं कार्य झाल्याखेरीज लग्न कसं व्हायचं? त्यांची दिवाळीनंतर गुजरातच्या कारखान्यात बदली होणार होती. त्याआधी त्यांना उत्तर हवं होतं. विजया म्हणाली, गणपती होऊ देत. गणपती झाले. मग म्हणाली, दसरा होऊ दे. हो म्हणेना, नाहीही म्हणेना. त्या दिवसांत ती भांडी घासायला घ्यायची आणि अर्धी घासून उठायची.

यंत्रावरची चादर काढली ती खंडेरावांनी.

"चालतंय का हे, बाई?" ते मला म्हणाले. माणूस फिटर, हात शिवशिवणारच. दोघांनी मिळून तारा साफ केल्या, जोडल्या, आणि पॅनेल पेटलं. पडद्यावर सांताक्रूझची धावपट्टी आली. मी सुरुवात म्हणून पडद्यावर दिसत होते ते सांताक्रूझचे आकडे घातले. शेवट काय घालायचा हे सुचेना. मला पाठ असलेले अक्षांश-रेखांश एकाच जागेचे होते, आमच्या घराचे. दिगंबरने विहिरीच्या कठड्यावर ते ऑइलपेंटने रंगवले होते. आम्हा घरच्यांना ते फोन नंबरासारखे पाठ. मी तेच घातले.

खंडेरावांनी विमान वर नेलं. मी ऑटोपायलटची कळ दाबली. हिरवा दिवा लागला आणि विमान आपल्या आपण उत्तरेकडे वळलं.

"आवं, घरावर उतरवताय काय? इहिरीत पडंल की!" खंडेराव हसले.

विजया चहा घेऊन दारात उभी होती. ती हसली नाही. "शेवट म्हणून घर घातलंत, वन्सं?" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी एकटीने ते पुन्हा लावलं. शेवट घरच ठेवला, सुरुवातीला सांताक्रूझचे आकडे दिले. सात-आठ मिनिटांत ते सरकायला लागले. थांबले तेव्हा नकाशावर पाहिलं, तर दाखवलेलं ठिकाण चिंचणीसमोरच्या समुद्रातलं होतं.

मी प्रथम बिघाड धरला. सहा वर्षं दमट हवेत पडलेलं यंत्र, गंजलेली जोडणी. बंद केलं, पुन्हा सुरू केलं, या वेळी नकाशातून दिल्लीचे आकडे दिले. ते सरकले आणि त्याच पाण्यात येऊन थांबले. थोडे दक्षिणेला.

पॅनेलची मुख्य कळ फिरवली की वेगही दिसतो. पडद्यावरचं विमान ताशी सहाशे किलोमीटरने जात होतं. पॅनेल दोन नॉट, म्हणजे ताशी जेमतेम चार किलोमीटर, म्हणत होतं. ऑटोपायलट पॅनेलचं ऐकणारा, त्यामुळे विमान एकाच जागी गोल फिरत राहिलं, एक पंख खाली करून, हिरवा दिवा लागलेला. दोन नॉट हा कुठल्याही विमानाचा वेग नाही.

मी आठवडाभर कॉलेजातून आल्यावर आकडे पाहत गेले. दुपारी ठिकाण किनाऱ्याकडे यायचं, काही दिवशी बाहेर जायचं. मग माझ्या लक्षात आलं की हे मला ठाऊक असलेलं वेळापत्रक आहे. आमच्या वाडीत काम करणारी रंभाबाई रोज मासळीच्या हिशेबाने तेच सांगते. भरतीला आत, ओहोटीला बाहेर. आणि प्रत्येक फेरीत थोडं दक्षिणेला. तारापूर मागे पडलं. सातपाटी मागे पडली.

मी विजयाला काही सांगितलं नव्हतं. एका दुपारी परत आले तर ती ड्यूटीचा पांढरा पोशाख न बदलताच यंत्रापुढे बसली होती.

"कधीपासून बघतेस?" मी विचारलं.

"तुमच्या आधीपासून," ती म्हणाली. "तुम्ही कॉलेजात असता तेव्हा."

"विजया, याचं काहीतरी साधं कारण असणार."

"असू दे की." तिने पडद्यावरची नजर हलवली नाही. "खाडीच्या तोंडाशी आलंय."

मी दसऱ्याच्या आधी यंत्र बंद करून टाकायचं ठरवलं. पण रोज वाटे, आणखी एक आकडा पाहू, म्हणजे चूक कुठे आहे ते कळेल. माझी झोप उडाली होती. वर्गात फळ्यावर जडत्वाचा नियम लिहिताना माझा हात मधेच थांबला आणि मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी उधाणाची भरती होती. खंडेराव संध्याकाळच्या एस.टी.ने उत्तर ऐकायला येणार होते. सकाळी विजयाने पेटीतली, सहा वर्षं न नेसलेली जांभळी साडी काढून उन्हात टाकली. मी मनात म्हटलं, होकार. मला इतकं हलकं वाटलं की मी स्वतःहून यंत्र लावलं. म्हटलं, आजचं शेवटचं.

ठिकाण खाडीच्या आत, बंदराच्या धक्क्याशी होतं. मी वाट पाहिली. जेवणं झाली, भरती उलटली, खाडीचं पाणी उतरायला लागलं. ओहोटीबरोबर आकडे बाहेर जायला हवे होते.

ते गेले नाहीत. अक्षांश तसाच राहिला आणि रेखांशाचा शेवटचा अंक एकाने वाढला, म्हणजे पूर्वेला, जमिनीकडे. मी वेग पाहिला. तीन नॉट.

तीन नॉट म्हणजे माणसाची साधी चाल.

विजया माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिच्या हाताला हळदीचा वास होता.

त्या जुन्या यंत्रात एक सोय असते. शेवट म्हणून दिलेलं ठिकाण दोन मिनिटांच्या वाटेवर आलं की एक पिवळा दिवा लागतो. कळ 'ऑटो'वर असली तर यंत्र तिथे पोहोचल्याची नोंद घेतं आणि दिवा विझतो. 'मॅन्युअल'वर असली तर पोहोचल्याचं मानत नाही, तसंच सरळ पुढे निघून जातं. घरावरून, वाडीवरून, पूर्वेच्या डोंगरांकडे. मी त्या कळीकडे हात नेला.

विजयाने माझं मनगट धरलं. "राहू द्या, वन्सं."

"बिघडलेलं यंत्र आहे ते, विजया."

"मग फिरवायची एवढी घाई कशाला?"

मी हात कळीपाशीच ठेवला.

मागच्या दाराने रंभाबाई कुरकुरत आत आली. पाणपोईचं मडकं रोज तीच भरते. "बाय, आमी सकाली काठोकाठ भरलेला, आनि आता बगते तं मडका रिता! थेंब नाय. एवरी तान कोनाला लागली, म्हैस पिली का काय? तुमी कोनाला जाताना बगला?"

"नाही," मी म्हणाले.

"कुत्रा पन भुकला नाय मेला. शेपटी हलवीत बसलाय रस्त्याकडे बगून." ती घागर उचलून गेली.

त्याच वेळी वीज गेली. पंखा थांबला, पडदा काळा झाला.

पॅनेल मात्र पेटलेलं राहिलं. मी वाकून मागची वायर पाहिली. बॅटरी नव्हती. कधीच नव्हती.

बाकीच्या अंतराच्या रकान्यात शेवटचा एकच अंक उरला होता, एक. मिनिटाचा दहावा भाग. पाणपोईपासून घरापर्यंत.

पिवळा दिवा लागला.

फार तेजस्वी नव्हता. दुपारच्या उजेडात नीट पाहिल्याशिवाय दिसलाही नसता. विजयाने माझं मनगट सोडलं नव्हतं. तिची नाडी माझ्या हातावर लागत होती आणि ती नर्स होती, तिलाही माझी लागत असणार. दोन मिनिटं मी कळ फिरवू शकले असते. तिने घट्ट धरलेलं नव्हतं.

वाडीत केळीची पानं हलत होती. फाटक वाजलं नाही. पाऊल वाजलं नाही. मी कान देऊन ऐकत होते. काहीही वाजलं नाही.

एकाच्या दोन रेघा होत्या. आधी वरची विझली, मग खालची.

पिवळा दिवा बंद झाला.

आम्ही दोघी ओटीवर आलो. बाहेर ऊन होतं. दोरीवर जांभळी साडी वाळत होती. समोरच्या कुंपणावर एक कावळा बसला होता, तो उडाला नाही. झोपाळा हलत नव्हता. मी आधी त्याच्या साखळ्या पाहिल्या, कारण त्या ताणलेल्या होत्या. मग कडेकडे पाहिलं.

उजवी कड दोन बोटं वर उचललेली होती.

मी तिथेच उभी राहिले. साखळीचं माप, हुकाची झीज, लाकूड फुगण्याची कारणं, हे सगळं मी एकेक करून आठवलं. विजया आत गेली. माठावरचं झाकण काढल्याचा आवाज आला. ती पाण्याने भरलेला तांब्या घेऊन आली आणि खाली वाकून तो झोपाळ्याच्या डाव्या कडेपाशी, पायांना लागणार नाही इतक्या बाजूला ठेवला. दोरीवरची साडी तिने ओढून काढली, घडी केली. मग घरात कुणी दमून आलेलं असलं की बोलतात तशा हलक्या आवाजात मला म्हणाली,

"खंडेरावांना नाही म्हणून सांगा, वन्सं."