डावीकडची सावली

डोंगरातल्या नारीन गावच्या इस्पितळात जिपारा अकरा वर्षं एमआरआयच्या यंत्रावर होती. त्या दिवशी भर दुपारी बाहेर बर्फ असं झोडपत होतं की खिडकी नुसती पांढरी दिसत होती. तशा हवेतही वरच्या कुरणांवरचे शार्शेन म्हातारबा सुनेचा हात धरून आले. चार महिने डोकं ठणकत होतं. डाव्या बाजूनं कुणी टकटक करतंय म्हणायचे.

"एक्स-रे झाला, सीटी झाला," सून बुरुल वैतागून म्हणाली. "सगळे म्हणतात काही नाही. मग ह्यांना झोप का नाही?"

"एक्स-रेत मुख्यतः हाडं दिसतात," जिपारा म्हणाली. "सीटीसुद्धा किरणांचाच. झटपट होतो, रक्त साकळलं असेल तर लगेच कळतं. ह्या यंत्रात किरण नाहीत, चुंबक आहे. अंगातलं पाणी त्याला साद देतं, त्यावरून चित्र उमटतं. मऊ भाग यात जास्त नीट दिसतो. वेळ मात्र लागतो."

म्हातारबा दचकले. "पाणी दिसतं?"

"पाणीच दिसतं, आजोबा. अंगावर काही लोखंडी?"

त्यांनी पट्टा, सुरी, बूट काढून दिले. "आता सुनेची जीभ तेवढी लोखंडी उरली. तिला बाहेरच ठेव."

बुरुल हसत बाहेर गेली. म्हातारबा फळीवर निजून यंत्राच्या बोगद्यात सरकले आणि यंत्र धडधडू लागलं.

पहिलंच चित्र बिघडलं. डोक्याच्या डावीकडे दुसऱ्या डोक्याची फिकी सावली. जिपाराला त्याचं नवल नव्हतं. माणूस हलला की अशी सावली पडतेच. तंत्रज्ञ तिला भूतच म्हणतात.

"आजोबा, हलू नका हं."

"मी नाही हललो, पोरी." आतून दबका आवाज आला. "तो हलला..."

तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. भूत ओळखायची एक सोपी रीत असते. चित्र घ्यायची दिशा बदलायची, की सावलीही जागा बदलते. डावीकडची वर किंवा खाली जाते. तिनं दिशा बदलली. पाच मिनिटं यंत्र ठोके देत राहिलं.

सावली तिथंच होती. आणि आता फिकी नव्हती.

म्हातारबांचा मेंदू वयानं आक्रसला होता. शेजारचा मात्र गच्च भरलेला, विशीतल्या पोराचा असावा तसा. कवटीचं हाड ह्या चित्रात काळ्या रेघेसारखं दिसतं; ती रेघ त्याच्याभोवती नव्हतीच. आणि त्याचं तोंड वर नव्हतं. म्हातारबांच्या कानाकडे वळलेलं होतं.

तिनं यंत्र थांबवलं, धावत आत गेली, फळी बाहेर ओढली. फळीवर म्हातारबा एकटेच होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"दिसला ना? कुबात... माझा धाकटा भाऊ. सोन-कुल तळ्याच्या बर्फाखाली गेला. दोर माझ्या हातात होता, पोरी. मी सोडला. मीही ओढला गेलो असतो..." त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं. "घरात कुणाला ठाऊक नाही. हाडं कधीच मिळाली नाहीत. हाडं बघणाऱ्या यंत्रांना तो कसा दिसणार?"

"मी कुणाला सांगणार नाही," ती कशीबशी म्हणाली.

त्यांनी मनगट सोडलं, डावा कान चोळला आणि नवल वाटून तिच्याकडे बघितलं. "थांबलं की गं!"

डॉक्टरांनी चित्रं पाहिली तेव्हा त्यांत एकच डोकं होतं, वयाला साजेसं, निरोगी.

आठवड्यानं बुरुलचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "जेवतात, घोरतात, मला टोमणे मारतात! काय केलंत हो बाई?"

जिपाराला राहवलं नाही. "भावाबद्दल काही बोलले का? कुबातबद्दल?"

पलीकडे बुरुल सासऱ्यांना ओरडून विचारत होती. मग त्यांचा मोकळा, हसरा आवाज लांबून आला, "भाऊ? मी तर आईबापाला एकुलता एक!"

"चेष्टा करतायत का?" जिपारानं विचारलं.

"नाही हो. खरंच म्हणतायत. कोण हा कुबात?"

जिपारानं फोन खाली ठेवला. तिचा सगळा जन्म खाली गावातच गेलेला, सोन-कुल तळं तिनं कधी पाहिलं नव्हतं. तरी कुबात ज्यात गेला ते बर्फातलं भोक उत्तरेच्या काठापासून किती पावलांवर होतं, हे तिला आता नक्की ठाऊक होतं. सेहेचाळीस.