जाड तार, बारीक तार

नागनाथ पहिल्यांदा आमच्या घरी आला तो चुकून. शेजारच्या ईश्वरअप्पांचा रेडिओ दुरुस्त करायला निघालेला हा माणूस आमच्या दारात थबकला. आत टेपवर सनई चालू होती. मान कलती करून तो म्हणाला, "डावा स्पीकर उलटा जोडलाय."

मी सुपात गहू निवडत होते. "रस्त्यावरून कळलं तुमाला?"

"कान हायत की... बघू का?"

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला आत घेतलं. त्यानं तारेची दोन टोकं अदलाबदल केली, आणि सनईमागचा चौघडा एकदम छातीत वाजायला लागला. माझ्या छातीतही काहीतरी हललं. चौघड्यामुळंच, असं मी स्वतःला सांगितलं.

आप्पांचा मानवतच्या मोंढ्यात कापसाचा व्यापार, पण जीव सगळा त्या टेपवर. खूश होऊन त्यांनी मुंबईहून आणलेली, अंगठ्याएवढी जाड तार त्याला दाखवली. "ही लावली अन् आवाज उघडला बघ."

"तांबं ते तांबंच, आप्पा," नागनाथ म्हणाला. "दहा फुटांत काय फरक पडतो? साधी बारीक लावा, आवाज तोच."

"म्हंजे माझे कान खोटे?"

झालं. त्या दिवसापासून 'रेडिओवाला' ही आमच्या घरात शिवी झाली.

त्या उन्हाळ्यात आमच्या बॅटरीचे सेल मात्र फार लवकर संपायला लागले. सेल नागनाथच्याच दुकानात चांगले मिळतात, असं मीच घरात पसरवलं होतं.

"परत सेल?" तो मान वर न करता म्हणायचा. "बॅटरी लावून काय हुडकायलात, महानंदाबाई?"

"शहाणा माणूस. अजून सापडला न्हाई."

तो हसायचा, आणि मग दिवसभर माझं मन कशातच लागायचं नाही. भाकरी करपायची. दारावरून सायकल गेली की उठायचं, बघायचं, परत बसायचं. आई म्हणायची, पायाला भिंगरी लागलीय का गं?

आणि अशातच लातूरच्या पाहुण्यांचा निरोप आला. रविवारी मला बघायला येणार. मी तशीच उठून नागनाथच्या दुकानात गेले.

"एकदा हो म्हणा ना," मी म्हणाले. "तारेनं फरक पडतो, एवढंच. आप्पा लगेच विरघळतील. मग तुमच्या घरच्यांनी विषय काढला तर..."

"अन् मग जन्मभर त्यांच्यापुढं बसून खोटं बोलायचं?"

"जन्मभर?" मी हळूच विचारलं.

तो खाली वाकून एकदम स्क्रू शोधायला लागला. स्क्रू त्याच्या हातातच होता.

शनिवारी दुपारी तो आपणहून आला. आप्पांना म्हणाला, "पारख करू. पडद्यामागं कुणीतरी तार बदलंल, न्हाईतर तशीच ठेवंल. आपण दोघं भिंतीकडं तोंड करून ऐकू अन् कागदावर लिहू. पाच वेळा."

"ओळखलंस तर मान्य करशील?" आप्पा इरेला पेटले होते.

"करीन."

पडद्यामागं अर्थातच मी. कधी तार बदलली, कधी तेवढाच वेळ गप्प उभी राहिले. आवाजातला फरक? मला तर माझ्या धडधडीपलीकडं काही ऐकूच येत नव्हतं.

मग मी कागद पडद्याआड घेऊन मोठ्यानं वाचले आणि परत दिले. आप्पांचे दोन बरोबर. नागनाथचे पाचही.

स्वतःचे तीन चुकले हे आप्पा विसरूनच गेले. "बघ! ओळखलंस का न्हाई? दम हाय ना तारेत?"

पडद्याआड मी डोळे मिटले. हो म्हण. फक्त हो म्हण, देवा, एवढं एक खोटं...

"न्हाई, आप्पा," नागनाथ म्हणाला. "तारेतलं मला एकदाबी कळलं न्हाई. तार बदलताना ह्यांच्या बांगड्या वाजायच्या... न्हाई बदलली की गप्प असायच्या. मी तेवढंच ऐकायलो होतो."

मला रडू आलं, रागही आला, आणि खरं सांगू, इतकं सुख आयुष्यात कधी झालं नव्हतं.

"म्हंजे सनई ऐकलीच न्हाईस तू?" आप्पांनी विचारलं.

"न्हाई."

"हो म्हणला असतास तर मी जिंकलो असतो."

"व्हय. पण मी तुमच्याशी खोटं बोललो असतो."

आप्पा उठले. "महानंदा, बांगड्या उतर. परत एकदा होऊन जाऊ दे."

तेवढ्यात आई पदराला हात पुसत बाहेर आली. "लग्नाच्या पोरीचे हात मोकळे करायलात? तेबी तारेपायी? अन् उद्या पाहुणे यायलेत तिला बघायला."

आप्पा मटकन खाली बसले. हातातल्या कागदाकडं पाहिलं, मग नागनाथकडं. तो मान खाली घालून उभा होता, कान लालबुंद.

"उद्या कशाला?" आप्पा आईला म्हणाले. "पाहुणे येऊन बसलेत की. चहा ठेव, भागम्मा. अन् लातूरला निरोप धाडतो मी."

मी पडद्याआड दोन्ही मनगटं पोटाशी घट्ट आवळून धरली होती. तरी बांगड्या वाजल्याच. नागनाथनं तेवढी मान वर केली.