तिच्या टेबलावर कुणीतरी होतं

विश्वास ठेवा अथवा ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. तिला थापा मारता येत नाहीत. पत्ते खेळतानासुद्धा चांगलं पान आलं की तिचा चेहरा सगळं सांगून टाकतो.

मावशी एका कंपनीच्या मदत विभागात काम करते, तेही घरूनच. कुणाचा पासवर्ड अडला, कुणाला घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडता आलं नाही, की फोन तिला. काका गेल्यापासून घरात ती एकटीच. दिवसभर बोलायचं ते अडलेल्या लोकांशी.

त्या दिवशी ऑफिसला सुट्टी होती. भर दुपार. कंपनीत नकाशे काढणाऱ्या एका मुलीचा फोन आला, अगदी रडवेली.

"ताई, घरून लॉगिनच होत नाहीये. संध्याकाळपर्यंत नकाशा नाही पाठवला तर माझं काही खरं नाही!"

तिचं खातं लॉक झालं होतं. मावशीनं ते उघडलं.

पुन्हा लॉक.

"तू चुकीचा पासवर्ड टाकतेयस का गं?"

"मी कीबोर्डला हातही लावला नाहीये, ताई."

मावशीनं नीट पाहिलं. चुकीचे पासवर्ड पडत होते खरे, पण मुलीच्या घरून नाही...

ऑफिसमधल्या त्या मुलीच्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून.

"थोडं थांब, बघते मी," म्हणत तिनं मुलीचा फोन ठेवला आणि मोबाइलवरून ऑफिसच्या वॉचमनला गाठलं. तो कुरकुरत वर गेला. खोलीला कुलूप होतं. त्यानं ते उघडलं.

"कुणी नाही ताई. एक स्क्रीन तेवढी चालू आहे."

तेवढ्यात आणखी एक चुकीचा पासवर्ड पडला.

"वॉचमनकाका, हात लावू नका हो त्याला!"

"मी दारातच उभा आहे!"

मावशीला काय वाटलं कोण जाणे, तिनं घरच्या लँडलाइनवरून त्या टेबलावरच्या फोनचा नंबर लावला. एका कानाला मोबाइल, दुसऱ्या कानाला रिसीव्हर. मोबाइलमधून तिला तिथली घंटा ऐकू येत होती.

घंटा थांबली...

"उचललात का, काका?"

"नाही हो. रिसीव्हर जागेवरच आहे..."

आणि दुसऱ्या कानात कुणीतरी खाकरलं.

"हॅलो... मदत विभाग ना? पासवर्ड घेत नाही हो."

म्हाताऱ्या माणसाचा दमलेला आवाज.

मावशी रिसीव्हर ठेवणारच होती. पण तोंडाला वर्षानुवर्षांची सवय.

"कॅप्स लॉक चालू आहे का, बघता का जरा?"

"बघितलं. सगळं करून बघितलं."

"आज सुट्टी आहे. घरी का नाही जात तुम्ही?"

पलीकडून नुसता श्वास...

"घरी कोण आहे?"

मग त्यानंच मावशीला विचारलं,

"तुमच्याकडे कोण आहे?"

तिनं खोलीभर नजर फिरवली. समोरची खुर्ची. बंद टीव्ही. विसळून पालथा घातलेला एकच कप.

"कुणी नाही," ती म्हणाली.

"मग मी करत जाईन फोन."

"ताई, कुणाशी बोलताय?" मोबाइलमध्ये वॉचमन ओरडत होता. "इथली स्क्रीन बंद झाली!"

लँडलाइनवर आता फक्त टूं... टूं...

त्यानंतर मुलीचं लॉगिन झालं, एका दमात. नकाशा वेळेवर गेला. त्या टेबलावर आधी कोण बसायचं, याची मावशीनं चौकशी केली. कुणीच नाही. टेबल नवं, खोलीही नवीच बांधलेली. वॉचमननं मात्र बदली मागून घेतली.

परवा मी तिच्याकडे गेलो होतो. भीत भीतच विचारलं, "पुन्हा आला का गं फोन?"

"नाही बाई. आला नाही तेच बरं."

असं म्हणाली खरी. पण लँडलाइनचं कनेक्शन काढून टाकूया म्हटलं, तर माझ्यावरच केवढ्यानं खेकसली...

आणि मग उठून, रिसीव्हर नीट जागेवर आहे ना, ते बघून आली.