बिननावाचे नऊ निरोप

सकाळीच वृद्धाश्रमातून बाईंना फोन आला. तिथले एक आजोबा न्हाणीघरात पडले, गळ्यातलं बटण नऊ वेळा दाबलं, तरी दोन तास कुणी फिरकलं नाही. खुब्याचं हाड मोडलं. पाळीवरच्या सिस्टरला संध्याकाळी कामावरून काढणार होते.

बटणाचा निरोप सिस्टरच्या पडद्यापर्यंत नेणारी लायब्ररी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांचा संच, बाईंनी एकटीनं लिहिली होती. घरी बोलायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तिच्यातल्या सूचनाही त्यांनी ऐसपैस लिहिल्या होत्या. त्या लगेच निघाल्या.

सिस्टर रडवेली होऊन सांगत होती की पडद्यावर काही उमटलंच नाही. व्यवस्थापकांनी आजोबांच्या खोलीतल्या टेबलाच्या खणातून त्यांचं बटण काढून दाबलं. पडदा खणखणला. यंत्र ठणठणीत आहे, हिलाच डुलकी लागली असणार, असा त्यांचा निकाल होता.

बाईंनी नोंदी उघडल्या. नऊ निरोप निघाले होते. पत्त्यात इमारत, मजला आणि मग रहिवाशाचं नाव हवं. नावाची जागा रिकामी होती. असा पत्ता दिसला की लायब्ररी निरोप अडवते आणि व्यवस्थापकांच्या पडद्यावर लाल सूचना देते. इथे सूचनाच नव्हती.

"लाल सूचना कधीपासून थांबल्या?" बाईंनी सहज विचारलं.

"चौदा तारखेपासून. दर तासाला डोकं उठवायच्या."

"थांबल्या कशा?"

व्यवस्थापकांनी हातातलं बटण परत खणात टाकलं.

"मी सांगते. आजोबांच्या पत्नी, आजी, बारा तारखेला वारल्या, नोंदीत आहे. तुम्ही यादीतून त्यांचं नाव पुसलंत, बटण परत घ्यायचं राहिलं. ते दर तासाला आपण चालू असल्याची हजेरी देतं, त्याचा पत्ता बिननावाचा झाला आणि लायब्ररी ओरडू लागली. तुम्ही पत्त्याची तपासणीच बंद केलीत. त्याचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे आहे. आजोबांचं बटण खणात होतं. मग गळ्यात कुणाचं होतं? आजींचं. नाव नाही म्हणून ते निरोप कुणाच्याच पडद्यावर गेले नाहीत, आणि तपासणी बंद म्हणून सूचनाही आली नाही. आणि तुम्ही निघालात चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला."

"ज्याचं नाव नाही, त्याचा निरोप कसला येणार, असं वाटलं," व्यवस्थापक पुटपुटले.

सिस्टरची नोकरी वाचली. तपासणी पुन्हा सुरू करून बाई दवाखान्यात आजोबांच्या खाटेपाशी गेल्या. यापुढे स्वतःचंच बटण घाला, म्हणाल्या.

"माझं दाबलं की पोरी माझं नाव घेत येतात," आजोबा म्हणाले. "तिचं दाबलं तर एखादी तिचं नाव घेत येईल, म्हणून ते घातलं. ती गेल्यापासून कुणी घेतलंच नाही."

बाईंना घरी जायची घाई नव्हती. त्यांनी खुर्ची ओढली.

"काय नाव होतं त्यांचं?"