सात हजार अंगठे

"अठरा खुणा जुळल्या, मॅडम! आता उरलं काय? अकराला कोर्टात उभी करतो हिला," फौजदार डोईफोडे म्हणाले.

ठसे-प्रयोगशाळेच्या पडद्यावर दोन अंगठे शेजारी शेजारी उभे होते, चांगले पुरुषभर उंच. एक विषाच्या बाटलीवरचा. त्याच बाटलीतलं विष रुग्णालयातल्या सिस्टर लीनांना टोचून कोणीतरी त्यांचा जीव घेतला होता. दुसरा, सरकारी नोंदणीच्या कॅमेऱ्यानं टिपलेला, प्रमिला टेकामचा. त्याच रुग्णालयाच्या खानावळीत पोळ्या लाटणारी प्रमिला बेड्या घालून कोपऱ्यात बसली होती.

"म्या ते बाटली पाह्यलीबी नाही जी," ती पुटपुटली. "पोरगी शाळेतून येईन, घराला कुलूप पाहीन."

ठसेतज्ज्ञ डॉ. शाल्मली गेडाम तिच्या हाताकडेच बघत होती. तीन वर्षांपूर्वी तो हात उकळत्या तेलात पोळला होता. बोटांवरचं कातडं नवं होतं, रुग्णालयाच्या त्वचाशाळेत पिकवलेलं.

"डोईफोडे, आपलं अख्खं शास्त्र एकाच खुंट्यावर उभं आहे," ती म्हणाली. "बोटांच्या रेघा आईच्या पोटात घडतात. कुठे किती दाब पडला, बाळ कसं वळलं, सगळा योगायोग! म्हणून जुळ्यांचेसुद्धा ठसे वेगळे. कोलकात्यात ठशांची कचेरी निघाली तेव्हापासून आपण हेच धरून चाललोय. पण हिचा अंगठा आईच्या पोटात घडलाच नाही."

"बरं, मग?"

"मग आपलं यंत्र! पहिलं नाव सापडलं की ते शोध थांबवतं. दुसरं असूच शकत नाही, असं आपणच त्याला शिकवलंय. आज मी त्याला थांबू देणार नाही."

तिनं कळ दाबली. पडद्यावर नावं उतरायला लागली. एक, दहा, दोनशे... थांबेचनात. मिनिटभरानं आकडा स्थिरावला. सात हजार एकशे बारा.

डोईफोडे पडद्याजवळ जाऊन आकडा पुन्हा वाचू लागले.

शाल्मलीनं मुद्दाम बोलावलेले त्वचाशाळेचे प्रमुख, डॉ. निरंजन केळापुरे, मात्र निवांत होते. "त्यात काय एवढं? रेघा नसतील तर हातातला पेला निसटतो. म्हणून कोवळ्या कातड्यावर साचा दाबतो आम्ही. पहिलाच साचा झकास निघाला. बदलायचा कशाला?"

"सात हजार माणसांना एकच अंगठा?"

"त्यांना पुन्हा भाकरी मोडता येते, मॅडम. ठशाचं कोणाला पडलंय?"

"सिस्टर लीनांना पडलं होतं. त्यांच्या टेबलात तुमच्या साच्याविरुद्ध तक्रारीचा अर्ज सापडलाय."

"वाईट झालं बिचारीचं." केळापुरेंनी मान हलवली. "पण सात हजारांतून कोणाकोणाला धरणार? सोडा हिला, घरी जाऊ द्या."

"म्हणजे खुनी मोकाट?" डोईफोडे ओरडले. "आज एक खून, उद्या दहा! अन् आम्ही काय, नुसती यादी वाचत बसू?"

शाल्मलीनं हळूच विचारलं, "डॉक्टर, साचा कोणाच्या अंगठ्याचा?"

"माझ्याच!" ते खुशीत हसले. "त्या सात हजार एकशे बारांत मीही आलो. मोजा मलाही!"

"आणि तुम्ही पिकवलेल्या कातड्याला घाम येतो?"

"छे, घामाच्या ग्रंथी पिकवणं अजून कोणालाच जमलेलं..."

वाक्य तिथेच राहिलं.

शाल्मलीनं बाटलीवरचा ठसा मोठा केला, आणखी मोठा केला. प्रत्येक रेघेवर बारीक बारीक छिद्रांची रांग होती. "हा ठसा घामानं उमटलाय. आणि साच्यानं रेघा येतात, डॉक्टर, छिद्रं येत नाहीत."

डोईफोडेंनी स्वतः प्रमिलाच्या बेड्या काढल्या. तिनं साबणानं हात धुतले, पुसले आणि कोऱ्या काचपट्टीवर अंगठा दाबला. जीव खाऊन दाबला. डोईफोडेंनी काच उजेडात धरली. काहीच नव्हतं.

त्यांनी दुसरी काच पुढे सरकवली.

"आता तुम्ही, डॉक्टर."

केळापुरेंनी दोन्ही हात खिशात घातले.